एक वाजून बारा मिनिटांचा चोर

महाडच्या त्या शिक्षण संस्थेत सर्व्हर आला तेव्हा तो ठेवायचा कुठे, यावर कार्यकारिणीच्या दोन बैठका झाल्या. ग्रंथालयात वाळवी होती. शिक्षकांच्या खोलीत शिक्षक होते. प्रयोगशाळेतला नळ गेली चार वर्षं दुरुस्त होत होता. शेवटी एका सभासदाने विचारले की कुलूप लागते अशी संस्थेत खोली कोणती, आणि सर्व्हर स्टोअरमध्ये गेला. स्टोअरची किल्ली सहदेव उतेकरच्या कमरेला असायची, म्हणून सहदेव उतेकर सर्व्हरचा प्रमुख झाला. नेमणुकीच्या पत्रात 'खडू, डस्टर, फिनेल व सर्व्हर' असा क्रम होता.

सहदेवने हे फार मनावर घेतले. बावन्न वर्षांच्या आयुष्यातली पंचवीस वर्षं त्याने खडूच्या पेट्या मोजल्या होत्या, आणि एवढ्या वर्षांत एकही खडू त्याच्याशी आपण होऊन बोलला नव्हता. सर्व्हर बोलायचा. त्याच्या तोंडावर हिरवे दिवे लुकलुकायचे, मधूनच तो घरघरायचा आणि पडद्यावर इंग्रजीतून काहीबाही कळवायचा. सहदेवचे इंग्रजी खोक्यांवर छापलेले असते तेवढे. 'ही बाजू वर' आणि 'जपून हाताळा' एवढे त्याला वाचता येई. पण प्रेमात पडायला तेवढे पुरते. सकाळी कुलूप काढून तो आधी सर्व्हरवरचा फडका उचलायचा, मग चपला काढायचा. खोली बंद असल्यामुळे आत सवच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरल्यासारखे व्हायचे. सहदेवला ते प्रकृतीला चांगले वाटायचे.

सर्व्हरचे काम तसे एकच होते. कचेरीत पाच कॉम्प्युटर होते. रोज दुपारी दीडला, सगळे डबे उघडून बसले की, प्रत्येक कॉम्प्युटर आपल्या कामाची एक नक्कल तारेतून सर्व्हरकडे पाठवायचा. उद्या एखादा कॉम्प्युटर बसला तरी नक्कल शाबूत. याला बॅकअप म्हणतात, असे ही सगळी जोडणी करणाऱ्या अजमलभाईंनी सांगितले होते. अजमलभाई राहायचे दासगावला आणि त्यांचे कॉम्प्युटरचे दुकान महाडच्या बाजारात. सर्व्हर त्यांनी थेट मोठ्या कंपन्यांत असतो तसा बसवला होता, का ते कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

पाचांतल्या चार कॉम्प्युटरांवरचा मजकूर गेला असता तर कोणाला कळलेही नसते. पाचवा वैशाली सकपाळचा. त्यात जनरल रजिस्टर होते. संस्थेच्या महाड आणि पोलादपूर अशा दोन्ही शाळांत पहिल्या दिवसापासून जी जी मुले आली, त्यांची नावे, जन्मतारखा, कुठून आली, का सोडून गेली, हे सगळे. शाळेत असताना या नोंदीकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण मुंबईत नोकरी लागायची म्हटली, आखातात जायला पासपोर्ट काढायचा म्हटला, की चाळीस वर्षांचा बाप्या शाळेच्या दारात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, दाखला द्या. मूळ वह्यांची पाने आता हात लावला की पापडासारखी मोडत होती. वैशालीने चौदा महिने बसून त्या उतरवल्या होत्या. अकरा हजार सहाशे बेचाळीस नावे. यात एकट्या पोलादपूरच्या शाळेत सख्खे-चुलत धरून सत्तावीस गोमाजी निघाले, असे ती सांगायची.

सहदेवने बॅकअपसाठी नवी वही घातली. त्याला माहीत असलेली वही एकाच प्रकारची होती, आवक-जावक. तेव्हा रोज दीडला सर्व्हरसमोर बसायचे, पाच नकला आल्या की 'आवक: पार्सल नग पाच' असे लिहायचे, खाली सही. अजमलभाई हसले होते. सहदेवने हसू दिले. माल आला की नोंद होणार, मग तो तारेतून येवो की टेम्पोतून.

दिवाळीची सुटी संपली, दोन हजार तीन सालचा नोव्हेंबर लागला, आणि वहीत पहिल्यांदा 'नग चार' असे लिहावे लागले. दुसऱ्या दिवशीही चार. तिसऱ्या दिवशीही. वैशालीचे पार्सल येत नव्हते. तिच्या पडद्यावर रोज एक चौकोन उगवायचा आणि बॅकअप झाला नाही म्हणून सांगायचा, आणि ती तो बंद करून पुढच्या गोमाजीकडे वळायची.

तिसऱ्या आठवड्यात ही वही आसिया मॅडमच्या हाती पडली.

आसिया मॅडम संस्थेच्या सचिव. त्याआधी एकतीस वर्षं मुख्याध्यापिका. त्या फाटकातून आत आल्या की लोक आपापली घड्याळे लावून घेत. त्यांनी वहीची दोन पाने उलटली आणि सोमवारी सकाळी सहदेवला बोलावले. आवाज चढवला नाही. त्यांना त्याची गरज कधी पडली नव्हती. मुंबईची एक कंपनी हे सगळे सांभाळायला तयार आहे, त्यांचे पत्र टेबलावर पडले आहे, असे त्या म्हणाल्या. "शनिवारी दीडला मी स्वतः येऊन बघणार. पाच आपण होऊन आले तर ठीक, हाताने पाठवलेले चालणार नाहीत. नाही आले, तर सोमवारपासून सर्व्हर त्यांचा आणि खडू तुमचे."

सहदेव बाहेर आला तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. भीतीने नव्हे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कोणी मुदत दिली होती. खडूला मुदत नसते.

त्याने आधी उंदीर पकडले. तार कुरतडली असणार हा त्याचा पहिला तर्क होता, आणि स्टोअर म्हटल्यावर तो वाईट नव्हता. दोन उंदीर सापडले, दोघेही तारेच्या बाबतीत निर्दोष निघाले. दुपारी अजमलभाई आले. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला आणि चहा मागवला. मग तार बदलली. मग वैशालीची तार दुसऱ्याच्या भोकात आणि दुसऱ्याची वैशालीच्या भोकात घालून बघितली. दुसऱ्याचे पार्सल आले, वैशालीचे नाही. शेवटी त्यांनी सर्व्हरमध्ये कुठेतरी आत जाऊन एक यादी उघडली. कोण कधी आले, कोणाला आत घेतले, कोणाला नाही, हे सर्व्हर स्वतःच लिहून ठेवत होता. सहदेवला हे बघून भरून आले. हाही आवक-जावकवालाच होता.

त्या यादीत रोज एक तांबडी फुली होती. रोज, दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी. नाव नाही, नुसता एक लांबलचक आकडा, आणि पुढे प्रवेश नाकारल्याचा शेरा.

अजमलभाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. ते हळूच म्हणाले, "सहदेवभाऊ, हा हॅकर हाय."

बातमी पाच मिनिटांत शाळाभर झाली. रोज एक बाराला कोणी परका संस्थेच्या सर्व्हरचे दार ठोठावतो आणि सर्व्हर त्याला हाकलून लावतो. संस्थेत इंटरनेट अजून यायचे होते. ते येण्याआधीच हॅकर येऊन पोचला, याचा काही शिक्षकांना अभिमान वाटला. सोमा शिपाई दुसऱ्या दिवसापासून एकच्या सुमारास काठी घेऊन फाटकात उभा राहू लागला. असला चोर फाटकातून येत नाही हे त्याला कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी त्याने काठी सोडली नसती. इतिहासाच्या सरांनी नववीच्या वर्गात त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवून गनिमी काव्यावर तास घेतला.

मंगळवारी अजमलभाईंनी हुकमाचा पत्ता काढला. दुकानातला कोरा करकरीत कॉम्प्युटर रिक्षात घालून बाराच्या सुमारास आणला, जनरल रजिस्टर त्यात उतरवले आणि तो वैशालीच्या टेबलावर मांडला. दीड वाजला. सर्व्हरच्या पोटात घरघर झाली आणि एकामागून एक पाच नकला येऊन पडल्या. त्या दिवशी एक बाराची फुलीही नव्हती. सहदेवने 'नग पाच' लिहिले, खाली दोनदा रेघ ओढली आणि स्वतःच्या खिशातून सगळ्यांना पेढे वाटले. अजमलभाईंनी आपल्याला आधीपासून मशीनचाच संशय होता असे सांगून तीन घेतले.

बुधवारी पुन्हा चार. आणि एक बाराला फुली.

आता मात्र कचेरीत लोक वैशालीच्या टेबलाकडे जरा अंतर राखून जाऊ लागले. मशीन नवे, तार नवी, भोक निराळे. उरले काय, तर टेबल आणि वैशाली. हेडक्लार्कने टेबल पूर्वेला तोंड करून लावून बघावे असे सुचवले. मीच काय ते वाईट पायाची, असे वैशाली एकदा डबा उघडताना पुटपुटली आणि सुकटीची चटणी सहदेवपुढे सरकवली. सहदेव म्हणाला, पायाचा काही संबंध नाही, पार्सल तारेतून येते.

पण रात्री पडल्या पडल्या त्याच्या मनात तेच घोळत राहिले, आणि गुरुवारी सकाळी नळाखाली तोंड धुताना त्याला एकदम एक्क्याण्णव सालचे फिनेल आठवले.

एक्क्याण्णव साली पोलादपूरच्या शाळेसाठी फिनेलच्या बाटल्यांचे एक खोके पाठवले होते. पोलादपूरहून आठवडाभर रोज निरोप यायचा की खोके मिळाले नाही. त्याच आठवड्यात महाडच्या एस.टी. स्टँडवर एक खोके रोज येऊन पडायचे आणि रोज कोणी नाकारले म्हणून परत फिरायचे. हे एका माणसाच्या वहीत होते आणि ते दुसऱ्याच्या. दोन्ही वह्या शेजारी ठेवायची बुद्धी सहदेवला सातव्या दिवशी झाली. न आलेले खोके आणि परत गेलेले खोके एकच होते. पावतीवर तारीख चुकली होती म्हणून पोलादपूरचा शिपाई ते घ्यायला तयार नव्हता.

तोंडावर साबण तसाच ठेवून सहदेव स्टोअरमध्ये पोचला. त्याने आपली वही आणि सर्व्हरची यादी शेजारी शेजारी धरली. ज्या दिवशी वैशालीचे पार्सल नाही, त्या दिवशी एक बाराला फुली. ज्या दिवशी पार्सल आले, त्या मंगळवारी फुली नाही. एकही दिवस चुकत नव्हता. चोर आणि पाहुणा एकच होता. फक्त तो दीडला यायच्या ऐवजी एक बाराला का येत होता, एवढे कळायचे होते.

शुक्रवारी तो दबा धरून बसला. एकच्या ठोक्याला त्याने स्टोअरचे दार आतून लावले, सर्व्हरसमोर स्टूल ओढले आणि यादी उघडी ठेवली. अजमलभाई जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. बाहेर फाटकात सोमा होता, काठीसकट. खोलीत घामाच्या धारा लागल्या होत्या आणि सहदेवला त्या पुसायचे भान नव्हते. एक नऊ. एक दहा. एक अकरा. एक बारा झाले, आणि त्याच्या डोळ्यांदेखत यादीच्या तळाशी तांबडी फुली उमटली.

सहदेवने दार उघडले आणि तो धावत सुटला. कचेरीत वैशाली एकटीच होती. समोर डबा, हातात तांदळाच्या भाकरीचा तुकडा, आणि तिच्या पडद्यावर तो चौकोन.

"हे कधी आलं गो?"

"आत्ताच. दीडला येतं तसं."

"दीड कुठे वाजलाय?"

वैशालीने घास न गिळताच पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. तिथे एक एकतीस होते. सहदेवने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितले. एक तेरा.

"आणि ते?"

"ते येताना बघायचं, काका," वैशाली म्हणाली. "जाताना ह्याच्यावर बघायचं."

सहदेव तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. तीन आठवडे कचेरीतला प्रत्येक माणूस त्या कोपऱ्याकडे बघत होता. अजमलभाईंनी बघितले होते, हेडक्लार्कने बघितले होते, स्वतः सहदेवने दिवसातून वीसदा बघितले होते. घड्याळ अठरा मिनिटे पुढे आहे हे सगळ्यांना दिसत होते, आणि कोणालाच ते खटकले नव्हते. घड्याळ पुढे असणे हा काही दोष नव्हे. सहदेवच्या घरी गजराचे घड्याळ पंचवीस मिनिटे पुढे असायचे, त्याच्या सासुरवाडीला तर पाऊण तास. घड्याळ मागे पडले तर माणूस दुरुस्त करतो. पुढे असले तर त्या घराला वळण आहे असे म्हणतात.

वैशालीने मग सगळे सांगितले, आणि त्यात लपवण्यासारखे तिला काही वाटले नाही. दिवाळीनंतर एस.टी.ने वेळापत्रक बदलले. तिची पोलादपूरची गाडी सहाच्या ऐवजी साडेपाचला झाली. कचेरी सुटणार साडेपाचला. स्टँडपर्यंत पायी बारा मिनिटे. वर सहा मिनिटे ड्रायव्हरची, कारण तो पोलादपूरचाच असला तर वेळेआधी गाडी काढतो. एकूण अठरा. ती गाडी गेली की पुढची सव्वासातला, आणि तोपर्यंत तिच्या वाडीला वर जाणारी शेवटची जीप निघून गेलेली. म्हणून सुरुवातीला रोज सकाळी आल्या आल्या ती घड्याळ अठरा मिनिटे पुढे सरकवायची. हेडक्लार्कला पडद्यावर साडेपाच दाखवायचे, पर्स उचलायची. कॉम्प्युटरच म्हणतोय म्हटल्यावर हेडक्लार्क काय बोलणार.

"पण ते मेलं आपलं आपण मागे जायचं," ती म्हणाली. "मग नेरुळच्या मावसभावाला फोन केला. त्याने ते मागे जाणं बंद करायचं कसं ते शिकवलं. नव्या मशीनलाबी बुधवारी तेच केलं."

असे काही बंद करायचा अधिकार कचेरीत खरे म्हणजे कोणाला नसायला हवा होता. अजमलभाईंनी तो सगळ्यांना देऊन टाकला होता, नाहीतर लोक दासगावला घरी फोन करत बसले असते.

सहदेवने स्वतःच्या हाताने ते घड्याळ भिंतीबरोबर केले. मग बॅकअपचे बटण दाबले आणि स्टोअरकडे पळाला. सर्व्हरचे दिवे नाचत होते. तो पुन्हा कचेरीत आला, पडद्यावर निळी पट्टी अर्ध्यावर होती. पुन्हा स्टोअरमध्ये. अशा सात खेपा झाल्या. सोमा फाटकातून बघत होता. चोर आत शिरला आणि उतेकर त्याच्या मागे लागला आहे अशी समजूत होऊन तोही काठी घेऊन मागून पळू लागला. आठव्या खेपेला दोघेही सर्व्हरसमोर उभे होते आणि अकरा हजार सहाशे बेचाळीस नावे, सत्तावीस गोमाजींसकट, सर्व्हरमध्ये येऊन बसली होती.

नमाजाहून आलेल्या अजमलभाईंना दारातच धरले. त्यांनी फुलीपुढचा तो लांब आकडा पहिल्यांदाच नीट वाचला, दुकानातून एक जाडजूड पुस्तक मागवले आणि पाने उलटता उलटता त्यांचा चेहरा पडत गेला. सर्व्हरचा तसा नियमच होता. आत येणाऱ्याच्या आणि आपल्या घड्याळात पाच मिनिटांपर्यंत फरक असला तर माफ. त्याहून जास्त असला तर हा कोणी भलताच माणूस जुनी चिठ्ठी घेऊन आला आहे असे समजून तो दार लावून घ्यायचा. अख्ख्या तालुक्यात वेळेच्या बाबतीत इतका कडक वागणारा आसिया मॅडमनंतर हाच. अजमलभाई म्हणाले की हे आपल्याला माहीत होते, फक्त आठवत नव्हते.

सगळे हसत होते. वैशाली डब्याला झाकण लावत होती.

"काका, आता घड्याळ असंच ऱ्हाणार?"

सहदेवचे हसू तिथेच थांबले. तिला हातात बांधायचे घड्याळ घे म्हणून सांगणार, तेवढ्यात त्याच्या ध्यानात आले की हातातल्या घड्याळावर तिला कोण सोडणार होते. चौदा महिन्यांची नावे आत आली होती. पण संध्याकाळची गाडी रोज चुकायला लागली तर महिन्याभरात वैशाली नोकरी सोडणार, आणि पुढचे गोमाजी कोण लिहिणार. आणि कारण मॅडमना सांगितले, तर महिना कशाला, सोमवारच. पण घड्याळ पुन्हा पुढे केले तर उद्या दीडला नग चार. मग सर्व्हर गेला.

तो स्टोअरमध्ये सर्व्हरसमोर गेला, अजमलभाई मागोमाग. मग त्याने अजमलभाईंना विचारले की सर्व्हरचे घड्याळ कोणी लावले. अजमलभाई म्हणाले, मी. ते हलवता येते का? येते की. आणि बाकीचे चार कॉम्प्युटर?

"ते सर्व्हरचं ऐकतात," अजमलभाई म्हणाले. "तो म्हणाला रात्र, तर रात्र. एकदा बंद करून चालू केले की झालं."

"म्हणजे नियम त्याचा, आणि वेळपण त्याचीच?"

"हां."

"मग त्यालाच पोलादपूरला नेऊ या," सहदेव म्हणाला.

अजमलभाईंनी दाराकडे नजर टाकली, बाही सावरली आणि सर्व्हरचे घड्याळ अठरा मिनिटे पुढे केले. वैशालीचेही पुन्हा तेवढेच. चारही कॉम्प्युटर बंद करून चालू केले. त्या दिवशी संध्याकाळी अख्खी कचेरी वैशालीबरोबर सुटली, आणि कोणाची काही तक्रार आल्याचे ऐकिवात नाही. हेडक्लार्क तर म्हणाला की दिवस आता लहान होत चालले आहेत.

शनिवारी सहदेव धुतलेला सदरा घालून आला. सर्व्हरवर नवा फडका टाकला, मॅडमसाठी खुर्ची पुसून ठेवली, वही उघडून पेन वर ठेवले. अजमलभाई, वैशाली, हेडक्लार्क स्टोअरच्या दारात दाटीवाटीने उभे राहिले. पडद्यावर दीड वाजला. दिवे नाचले. एक, दोन, तीन, चार. आणि वैशालीने डोळे मिटून घेतले तेवढ्यात पाचवे. यादीत फुली नाही. सहदेवने 'नग पाच' लिहिले, वेळ लिहिली, सही केली. मान वर केली, आणि त्याला दिसले की खुर्ची रिकामी आहे.

मॅडम यायच्या होत्या दीडला. त्यांच्या दीडला. त्याला अजून अठरा मिनिटे होती.

चूक चौघांची होती असे धरले, तरी वाट्याला सहदेवच्याच येणार होती. अजमलभाई म्हणाले, पुन्हा पाठवू या. पण प्रोग्राम दिवसातून एकदाच आपण होऊन पाठवायचा. मॅडम हाताने पाठवलेले मानायच्या नाहीत, त्यांनी तसे बजावले होते. ती अठरा मिनिटे सहदेव रिकामी खुर्ची पुन्हा पुन्हा पुसत राहिला. मग व्हरांड्यात चपलांचा आवाज आला. आसिया मॅडम आत आल्या, खुर्चीवर बसल्या, मनगट बघितले.

"मी आले. सुरू करा."

"झालं, मॅडम," सहदेव म्हणाला. "दीडला झालं."

मॅडमनी पडद्याकडे बघितले. एक अठ्ठेचाळीस. पुन्हा मनगटाकडे बघितले. मग मान वळवून शेजारच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरांकडे बघितले. उघड्या दारातून पाचही पडदे दिसत होते आणि पाचही जणांचे एकमत होते. भिंतीवरचे घड्याळ तेवढे तिथून दिसत नव्हते. दाराच्या मागे होते.

"अजमलभाई, तुमच्या घड्याळात किती?"

अजमलभाईंनी खाली बघितले. "अकरा," ते म्हणाले. मग सावरून त्यांनी सांगितले की थोरला भाऊ जेद्दाला असतो, त्याला फोन कधी करायचा ते कळावे म्हणून आपण तिकडची वेळ लावून ठेवतो.

मॅडमनी वही ओढून घेतली, नोंद वाचली, मग सर्व्हरची यादी वरपासून खालपर्यंत तपासली. पर्समधून एक चिठ्ठी काढली. काशीबाई हैबती साळुंखे, पोलादपूर शाळा, हिला दाखला हवा होता. मूळ वहीचे ते पान मॅडमनी सकाळी स्वतः उघडून बघितले होते. सहदेवने सर्व्हरवरची नक्कल उघडली आणि वैशालीने दारातूनच त्याला कुठे बघायचे ते सांगितले. नाव आले. वडिलांचे नाव, गाव, जन्मतारीख. मॅडमनी चिठ्ठीवर बोट ठेवून एकेक अक्षर पडताळले. सगळे बरोबर होते.

"दोष कशात होता?"

सहदेवने वैशालीकडे बघितले नाही. बघितले असते तर सगळे तोंडावर आले असते. "सर्व्हर मागे पडला होता, मॅडम," तो म्हणाला. "पुढे आणला." यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि म्हणूनच त्याच्या कानशिलावरून घाम उतरला.

मॅडमनी पुन्हा एकदा मनगट बघितले. मग त्यांनी सोमाला हाक मारून उशिरा येणाऱ्यांची वही आणायला सांगितली. सोमा दोन मिनिटांनी घेऊन आला. गेली कित्येक वर्षं त्या वहीत शिक्षकांनी सह्या केल्या होत्या आणि मॅडमनी त्या तपासल्या होत्या. त्यांनी पेन उघडले, नव्या ओळीवर स्वतःचे पूर्ण नाव लिहिले, उशीर 'मिनिटे अठरा' असे लिहिले, आणि कारणाच्या रकान्यात 'घड्याळ मागे'. शेवटचा रकाना उपस्थित कर्मचाऱ्याच्या सहीचा होता. वही सहदेवपुढे आली.

हेडक्लार्क छताकडे बघत होता. सहदेवने सही केली. इतकी किरटी सही त्याने फिनेलच्या पावतीवरही कधी केली नव्हती.

"मुंबईवाल्यांना सोमवारी पत्र जाऊ द्या," मॅडम उठता उठता म्हणाल्या. "आमचा माणूस आहे म्हणावं." आणि मग दारात थांबून त्यांनी मनगटावरच्या घड्याळाची बारीक चावी दोन नखांनी बाहेर ओढली.

"सांगा. आता नक्की किती?"

सहदेव सर्व्हरकडे वळला, आणि छाती भरून, सेकंदांसकट, त्याने वेळ वाचून दाखवली.